पाते आणि मूठ

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील वस्तूंची एक मूक परीक्षा सुरू होते. कोणती बरोबर न्यावयाची, कोणती विकावयाची आणि कोणती शेजाऱ्यांच्या गळ्यात घालावयाची, याचा निवाडा आठ-दहा दिवसांत करावा लागतो. परप्रांतात आयुष्य काढलेल्या वाचकांना हा प्रसंग मी वर्णन करून सांगावा असे नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत नऊ बदल्या झाल्या. सागवानी पलंग लखनौस राहिला, तांब्याचा बंब कलकत्त्यास विकला गेला आणि पुस्तकांची दोन खोकी गुवाहाटीच्या ओलीत कुजली. या साऱ्या पडझडीत दर वेळी काहीही विचार न करता जी वस्तू माझ्या हातपेटीत जाऊन पडली, ती म्हणजे माझ्या आजोबांचा चाकू.

आजोबा वाईच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. १९१९ साली ते नोकरीत कायम झाले आणि त्या आनंदात त्यांनी हा चाकू पुण्याहून मागविला, अशी आमच्या घरातील आख्यायिका आहे. चाकू मिटता आहे. त्याला एक मोठे पाते आणि एक लहान. लहान पाते बोरू ताशण्याचे. कचेरीत टाक येऊन बराच काळ लोटला होता, तरी मोडी लिहावयाची ती बोरूनेच, असा आजोबांचा हट्ट असे. आणि बोरूचे टोक तिरपे छाटून त्याला नेमकी चीर पाडावयाची तर पात्याला वस्तऱ्याची धार हवी. फारसी वळणाच्या दप्तरांत अशा चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजांचा ‘पेननाइफ’देखील पिसाची लेखणी कापण्यासाठीच जन्मास आला. तेव्हा हा चाकू मुळात आपल्याच जातीचा, कारकुनी पेशाचा आहे. पंचवीस-तीस वर्षे रोज दगडावर घासून घासून त्याचे लहान पाते आता दातकोरण्याएवढे उरले आहे.

मोठ्या पात्याच्या मुळाशी एक तारा आणि एक माल्टी क्रूस कोरलेला आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची ही निशाणी. ती १६८२ पासूनची. शेजारी मुकुट, आणि मुकुटाच्या दोहो बाजूंस ‘जी’ आणि ‘आर’ ही जॉर्ज राजाची आद्याक्षरे. मूळची मूठ सांबरशिंगाची होती. शेफील्डचे कारागीर मुठींसाठी सांबराची शिंगे हिंदुस्थानातून नेत असत. म्हणजे आमच्याच एखाद्या रानातले शिंग विलायतेस जाऊन, पाते लावून घेऊन, वाईच्या कचेरीत परत आले होते. ‘मूळची मूठ’ असे मी म्हटले, त्याचे कारण पुढे येईलच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०११ साली, दिल्लीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी हा चाकू दाखविला. विकण्याची गरज मुळीच नव्हती. किंमत काय येते ते पाहावे, एवढाच मोह. दुकानदार वृद्ध, बोलण्यात अदबशीर. त्याने चाकू उघडून कानाशी धरून मिटला, खटका ऐकला, निशाणी पाहिली आणि विचारले, “साहब, साल कौन-सा बताते हैं?” मी १९१९ सांगितले. त्याने मनाशी हिशेब केला. अजून आठ वर्षे हा व्हिंटेज आहे, म्हणाला, मग अँटिक होईल. आणि अँटिक झाला की परदेशी गिऱ्हाइकाच्या हाती देता यावयाचा नाही, तेव्हा विकावयाचा असेल तर आताच विका. शंभरी भरली की वस्तूचा मान वाढतो अशी माझी समजूत होती. येथे तर शंभरी भरण्याचे भय घातले जात होते.

घरी येऊन मी कायदा काढून पाहिला. आपल्या पेशाची ती खोडच आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमात पुरावस्तूची व्याख्या आहे. नाणे, शिल्प, चित्र, कारागिरीचा नमुना, ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वस्तू, तिला निदान शंभर वर्षे झालेली असावीत. हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. गतकाळातील शास्त्र, कला, धर्म, चालीरीती, राजकारण यांवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तूही त्यात येतात, आणि त्या यादीत नीतीचाही उल्लेख आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. या अधिनियमाचा क्रमांक त्या वर्षीचा ५२. आणि ५३ क्रमांकाचा अधिनियम कोणता, तर वन्यजीव संरक्षणाचा. एकाच वर्षी लागोपाठच्या क्रमांकांनी संसदेने माझ्या चाकूच्या वयाची व्यवस्था लावली आणि त्याच्या मूळ मुठीचीही. कारण सांबरशिंगाचा व्यापार आज त्या दुसऱ्या कायद्याने बांधलेला आहे.

पण शंभरच का? अमेरिकेत १९३० च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीची वस्तू तेवढी अँटिक धरली होती. त्या सुमारास हातकाम सरून यंत्रांचे राज्य सुरू झाले, हा त्यामागील विचार सांगितला जातो. त्या रेषेला निदान काही अर्थ होता: अलीकडे हात, पलीकडे यंत्र. पुढे १९६६ मध्ये ती रेषा पुसून तेथेही शंभर वर्षांची सरकती मर्यादा आली. सरकत्या मर्यादेत अर्थ नसतो, सोय असते. सेवाज्येष्ठतेच्या यादीसारखेच हे: नुसते टिकून राहिले की नाव आपोआप वर चढते. २०१९ साल आले आणि गेले. त्या वर्षात माझ्या चाकूत तिळभरही फरक पडला नाही.

शिवाय ते १९१९ तरी कशावरून? पुरावा म्हणावा तर ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे. पण पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ आणि सहावा १९३६ ते १९५२. दोघांची आद्याक्षरे एकच. पाते गंजणाऱ्या पोलादाचे आहे. कैरी कापली की काळे पडते. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्येच १९१३ साली हॅरी ब्रीअर्लीने सिद्ध केले खरे, परंतु साधे पोलाद त्यानंतरही कित्येक दशके चालूच राहिले. म्हणजे वस्तू स्वतः एवढेच सांगते की मी १९१० आणि १९५२ यांच्या दरम्यानची. बाकीचे माझी आजी सांगे. कायद्याची शंभर वर्षे अखेर एका म्हातारीच्या शब्दावर उभी आहेत. तिचा शब्द मला पुरेसा वाटतो. जकात अधिकाऱ्याला वाटेलच असे नाही.

‘व्हिंटेज’ या शब्दाची गंमत याहून वेगळी. लॅटिनमध्ये द्राक्षांच्या तोडणीला जो शब्द होता, त्यातून हा आला. अमुक साली तोडलेल्या द्राक्षांची ती अमुक सालची मदिरा. या शब्दात मुळी जुनेपणा नव्हताच. होते ते फक्त साल. आपले साल उघड सांगणारी वस्तू ती व्हिंटेज, असा त्याचा निर्मळ अर्थ. यास्काचार्यांनी ‘पुराण’ शब्दाची फोड करताना, जे एके काळी नवे होते ते पुराण, असे म्हटले आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी नवेपणाच आहे, हे मला फार विलक्षण वाटते. कोणत्या तरी सकाळी वाईस एका तरुण कारकुनाने कागदाचे वेष्टन सोडून हा चाकू पहिल्यांदा उघडला, तो क्षण जपून ठेवणे म्हणजेच त्याला जुना म्हणणे.

बाजार मात्र या क्षणाला फार वेगळ्या रीतीने जपतो. संग्राहकांची एक प्रतवारी आहे. कारखान्यातून निघाला तसाच, कधी धार न लावलेला, शक्य तर मूळच्या डबीतला चाकू सर्वश्रेष्ठ. त्याला ‘मिंट’ म्हणतात. पात्याची झीज दहा टक्क्यांपर्यंत असेल तर उत्कृष्ट, पंचवीसच्या आसपास असेल तर बरा, निम्मे पाते गेले असेल तर साधारण, आणि त्याखाली जे काही उरेल ते निकृष्ट. ही कोष्टके वाचताना मला वैद्यकीय मंडळापुढे अपंगत्वाची टक्केवारी काढून घेण्यासाठी बसलेले शिपाई आठवले. माझ्या चाकूचे लहान पाते कोणत्याही मंडळापुढे नापास होईल. आणि नापास कशासाठी, तर जे काम करण्यासाठी त्याचा जन्म झाला ते काम त्याने पंचवीस-तीस वर्षे इमानाने केले म्हणून! जो चाकू दुकानाच्या कपाटातून कधी बाहेरच पडला नाही, ज्याने एकही बोरू ताशला नाही, तो मात्र शंभर वर्षांनी शिरोधार्य.

संग्राहकांची बाजू मी समजू शकतो. न वापरलेली वस्तू दुर्मिळ असते आणि ती मूळ कारागिराचा हेतू शुद्ध स्वरूपात दाखविते. अभ्यासकाला ती हवीच. माझी तक्रार एवढीच की शुद्धता आणि थोरवी या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. नोकरीत मी असे अधिकारी पाहिले आहेत की ज्यांच्या गोपनीय अहवालात तीस वर्षांत एकही प्रतिकूल शेरा नव्हता. त्यांनी कोणत्याही फाइलवर स्वतःचे मत असे कधी लिहिलेच नव्हते. ‘चर्चा करावी’ आणि ‘वरिष्ठांच्या आदेशार्थ’ या दोन वाक्यांवर त्यांची सारी कारकीर्द तरून गेली. अशा माणसांना निवृत्तीच्या वेळी मिंट म्हणावयास हरकत नसावी. मी स्वतः त्यांच्यापासून फार दूर होतो, असेही प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

जपान्यांनी तलवारीच्या बाबतीत या प्रश्नाचा जो विचार केला आहे तो मला अधिक प्रगल्भ वाटतो. तेथे जुन्या तलवारीचे पाते पिढ्यान् पिढ्या निष्णात कारागिरांकडून घासून उजळले जाते. त्यात कमीपणा नाही. पण मुठीच्या आत दडलेला जो पात्याचा शेपटा, ज्याला ते नाकागो म्हणतात, त्याचा गंज कधीही साफ करावयाचा नाही. बहुधा त्याच भागावर कारागिराची सही असते, आणि त्या गंजाच्या रंगावरून जाणकार तलवारीचे वय ओळखतात. हौसेने तो गंज खरवडून काढणारा मनुष्य तलवारीचा जन्मदाखलाच फाडून टाकतो. जे काम करते ते झिजू द्यावे, जे साक्ष देते त्याला हात लावू नये, अशी ही वाटणी आहे. आणि वारंवार घासण्याने पाते फारच पातळ झाले तर तशा तलवारीसाठी त्यांच्याकडे शब्द आहे तो ‘थकलेली’ अशा अर्थाचा. माझ्या चाकूच्या लहान पात्याला ‘निकृष्ट’ म्हणण्यापेक्षा हा शब्द किती वेगळा आहे!

आता मुठीकडे यावयास हवे. १९५७ साली आमचे अण्णा तारखात्यात जबलपूरला होते. तेथे सांबरशिंगाची मूठ तडकली आणि त्यांनी तेथील एका सुताराकडून शिसमाची बसवून घेतली. पितळी तार कापून तिच्या खिळ्या केल्या. काम चांगले झाले. पण त्या दिवसापासून हा चाकू आजोबांचा राहिला की नाही? प्रश्न जुनाच आहे. फ्रेंच लोकांत जानो नावाच्या माणसाच्या चाकूची गोष्ट आहे: त्याने आधी पाते बदलले, मग मूठ बदलली, पुन्हा पाते बदलले, आणि तरी तो चाकू तोच, असे तो सांगत राहिला. गटिंगेनचे प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी १७९८ साली लिलावाची एक विनोदी यादी रचली. तीत पाते नसलेल्या आणि मूठ हरवलेल्या चाकूचीही नोंद आहे. नुसते नावच लिलावास काढले! आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या चाकांत, आसात, दांडीत रथ शोधावयास लावून हेच दाखविले, की सुट्या भागांत रथ कोठेच नसतो. ते भाग एकत्र आले म्हणजे रथ हे नाव व्यवहारात येते. मग माझ्या चाकूत आजोबा कोठे आहेत? पात्यात म्हणावे तर पाते शेफील्डचे. मुठीत म्हणावे तर मूठ जबलपूरची. आम्ही तीन पिढ्या परमुलखात राहिलेले लोक स्वतःलाही हा प्रश्न विचारू शकू. पण तो विषय वेगळा.

सरकारने २०२१ साली व्हिंटेज मोटारींसाठी जे नियम केले त्यात पन्नास वर्षांच्या वयाबरोबरच दुसरी अट आहे: गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. जुन्या वस्तूंच्या दुकानातही पहिला प्रश्न वयाचा आणि दुसरा हाच असतो. त्या वृद्ध दुकानदाराने तो मला विचारला. “मूठ असली है न?”

आणि मी उत्तर दिले, “माझ्या माहितीप्रमाणे होय.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहजतेने निघाले की त्याचे मला आजही आश्चर्य वाटते. चौतीस वर्षे टिप्पण्या लिहिलेल्या माणसाचेच ते वाक्य; खोटे, पण पकडता न येणारे. मला पैशाची ओढ नव्हती. त्या क्षणी मला एवढेच हवे होते की आजोबांचा चाकू अस्सल ठरावा. घराण्याच्या प्रेमापोटी मी घराण्यातीलच एक गोष्ट, अण्णांची जबलपूरची दुपार, नाकारली. दुकानदाराने भिंग डोळ्याला लावले. मुठीच्या खिळ्यांवरून बोट फिरविले. मग चाकू मिटून, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “साहब, ये पिन तो इधर के हैं.” त्याच्या आवाजात उपहास नव्हता. तो असता तर बरे झाले असते. त्याने चहा मागविला. मी घाम पुसत तो घेतला आणि निघालो.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी मनाशी वाद घातला. मूठ बदलल्याने चाकू नकली होत नाही, हे मला पटले होते. हातात धरावयाची वस्तू धरता येईल अशी ठेवणे हा तिचा अपमान नव्हे. मग ते लपवावेसे का वाटले? उत्तर मिळाले ते असे, की वस्तूचे भाग बदलून तिचे अस्सलपण जात नाही. ते जाते तिचा वृत्तान्त बदलल्याने. अण्णांनी मूठ बदलली तेव्हा चाकूला काही झाले नाही. मी ‘होय’ म्हटले तेव्हा झाले.

हीच गोष्ट अलीकडे मोठ्या प्रमाणावर आपण सर्वांनी पाहिली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती भेट मिळाली आणि त्याच्या घराण्याकडून संग्रहालयात गेली, हा त्यांचा वृत्तान्त. ती शिवाजीमहाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने नमूद केले आहे. ही नोंद वाचून कित्येकांना राग आला. मला त्या नोंदीविषयी आदर वाटला. महाराजांविषयीची आपली भक्ती त्या लोखंडावर अवलंबून नाही. आणि ज्यांनी ती वस्तू जपली त्यांनी आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितले. दर्शनास जाणाऱ्याने ते ऐकून घेऊनही नमस्कार करावा. मला तरी त्यात विसंगती दिसत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण रामपूरचे. रामपुरी चाकूचे नाव हिंदी चित्रपटांनी देशभर नेले. लांब पात्यांवर बंधने आली आणि तो धंदा आटत गेला. २०२३ साली त्या शहरातील एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा प्रचंड चाकू उभारण्यात आला. ज्याने भाजी चिरता येत नाही, लेखणी ताशता येत नाही, कोणाला भिवविताही येत नाही, असा चाकू! शेफील्डच्या त्या न उघडलेल्या डबीतल्या चाकूचा हा थोरला भाऊच म्हणावयाचा.

दिल्लीहून परतल्यावर मी एक काम केले. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेऊन त्यावर लिहिले: ‘चाकू, जोसेफ रॉजर्स, शेफील्ड. खरेदी १९१९, घरच्या सांगण्यावरून. अन्य पुरावा नाही. मूठ बदलली, जबलपूर, १९५७, शिसम, खिळ्या पितळी.’ खाली सही आणि तारीख. हा कागद घडी घालून चाकूच्या डबीत ठेवला. असे टिपण पाहून बाजारात चाकूची किंमत निम्म्याने उतरेल हे मला ठाऊक आहे.

डबीत मात्र चाकू फारसा नसतो. तो टेबलावर असतो. टपालाची पाकिटे त्यानेच फोडतो, आणि हा अंक ज्या वेष्टनात येतो तेही. परवा माझी नात, वय वर्षे नऊ, पेन्सिल घेऊन आली. तिच्याजवळ यंत्र आहे, पण त्यात शिसे मोडते अशी तिची तक्रार. पाते अंगापासून दूर कसे धरावयाचे, अंगठा कोठे टेकवावयाचा, हे मी तिला दाखविले. लाकडाच्या पातळ चकत्या टेबलावर पडू लागल्या. दोन-चार चकत्या झाल्यावर ती थांबली आणि मूठ हलवून पाहू लागली.

“आबा, ही डुगडुगते.”

खरेच डुगडुगत होती. सत्तरीच्या आसपासच्या त्या पितळी खिळ्या झिजून सैल झाल्या आहेत आणि शिसमालाही खिळीपाशी बारीक चीर गेली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार बसतो. त्याच्याजवळ शिसम मिळेल की नाही ते विचारले पाहिजे. टिपणाच्या कागदावर खाली आणखी तीन ओळींपुरती जागा आहे.